गोळ्या सुरू, तरी नाकात न्यूमोकोकस

१८८०च्या सुमारास न्यू ऑर्लीन्समध्ये जॉर्ज स्टर्नबर्ग या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी स्वतःची लाळ सशांना टोचली. ससे मेले, स्टर्नबर्ग ठणठणीत राहिले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी रेबीजने दगावलेल्या एका मुलाच्या लाळेवर असाच प्रयोग केला. १८८१मध्ये दोघांनीही एकमेकांवर अवलंबून न राहता एकाच जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याला न्यूमोकोकस हे नाव मिळाले. न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि रक्तातील जंतुसंसर्ग यांच्या प्रमुख कारणांत तो आजही मोडतो. मात्र त्याच्या पहिल्या नोंदींपैकी एक निरोगी माणसाच्या तोंडातून आली होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. आजार नसताना नाकाच्या मागच्या भागात आणि घशात राहणे, हीच या जंतूची नेहमीची जीवनपद्धती आहे. आजार हा त्यातला अपवाद.

एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांच्या बाबतीत हा अपवाद फार वेळा घडतो. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे, येण्यापूर्वी न्यूमोकोकस त्यांच्या रक्तात शिरण्याचा धोका इतरांच्या दसपटीहून कितीतरी जास्त होता. एआरटीने तो खाली आणला, पण इतरांच्या पातळीवर आणला नाही. हा उरलेला धोका कुठून येतो, हे शोधायचे तर सुरुवात नाकापासूनच करावी लागते, कारण नाकात मुक्काम केल्याशिवाय न्यूमोकोकस फुप्फुसात किंवा रक्तात जात नाही. गेल्या पंचवीस वर्षांत मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि केनियात यावर भरपूर काम झाले आहे. ते एकत्र ठेवून पाहिले तर एक गोष्ट मला ठळक दिसते. बाळांना लस दिली की त्यांच्या आडोशाने एचआयव्हीसह जगणारे प्रौढही सुरक्षित होतील, हे गृहीतक श्रीमंत देशांत बरेचसे खरे ठरले. जिथे एचआयव्ही सर्वाधिक आहे तिथे ते अर्धवटच खरे ठरले आहे.

आधी मोजमापाचे बोलू, कारण या विषयातले निम्मे वाद तिथेच जन्मतात. नाकपुडीतून लवचिक दांडीचा स्वॅब घशाच्या वरच्या टोकापर्यंत सरकवायचा, तो दूध, ग्लुकोज आणि ग्लिसरॉल असलेल्या द्रवात बुडवून उणे ८० अंशांवर गोठवायचा, मग जेंटामायसिन घातलेल्या रक्ताच्या अगारवर वाढवायचा, अशी जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली पद्धत आहे. लहान मुलांत ती उत्तम चालते, कारण त्यांच्या नाकात जंतूंची दाटी असते. प्रौढांत जंतू विरळ असतात आणि अगारवर उगवतच नाहीत. जनुकांवरून जंतू ओळखणारी पीसीआर चाचणी वापरली किंवा घशाचा नमुना अथवा लाळ घेतली की प्रौढांतले आकडे एकदम वर जातात. पण घशातल्या इतर निरुपद्रवी स्ट्रेप्टोकोकसांकडेही न्यूमोकोकसासारखी जनुके असतात, त्यामुळे लाळेतल्या पीसीआरवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. म्हणून दोन देशांतले प्रौढांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी नमुना कुठला, तपासणी कुठली, हे विचारावेच लागते. बऱ्याच आढाव्यांत तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

दुसरी अडचण जंतूच्याच स्वभावात आहे. न्यूमोकोकसाच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचे आवरण असते आणि त्याच्या रचनेवरून त्याचे शंभरहून अधिक प्रकार, म्हणजे सिरोटाइप, पडतात. लशी या आवरणावरच बेतलेल्या असतात. सिरोटाइप १ आफ्रिकेत गंभीर आजाराचे मोठे कारण आहे, तरी निरोगी माणसांच्या नाकात तो क्वचितच सापडतो, कारण त्याचा मुक्काम थोडा असतो. त्यामुळे केवळ नाकाच्या सर्वेक्षणावर विसंबले तर सर्वांत घातक प्रकारांपैकी एक नजरेआड राहतो. ही मर्यादा लक्षात ठेवूनच पुढचे वाचायला हवे.

आता मुख्य प्रश्न. एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांच्या नाकात न्यूमोकोकस खरोखर जास्त असतो का? बहुतेक अभ्यास होकार देतात, पण किती जास्त यावर त्यांचे एकमत नाही. एकदाच स्वॅब घेणाऱ्या पाहण्यांतून त्या दिवशी काय होते एवढेच कळते. जंतू वारंवार येऊन लगेच जातो आहे, की एकदा येऊन बराच काळ ठाण मांडतो आहे, हे त्यातून कळत नाही. हा फरक ओळखण्यासाठी त्याच माणसांकडे पुन्हापुन्हा जावे लागते. दक्षिण आफ्रिकेत २०१६ ते २०१८ या काळात तसे केले गेले. क्लर्क्सडॉर्प या खाणींच्या शहरी भागात आणि एगिनकोर्ट या ग्रामीण भागात कुटुंबेच्या कुटुंबे निवडली आणि दरवर्षी सुमारे दहा महिने, आठवड्यातून दोनदा, घरातल्या सर्वांचे स्वॅब घेतले. आठवड्यातून दोनदा नाकात कांडी घालून घ्यायला घरातली लहानथोर सगळी माणसे तयार होतात, हीच मोठी गोष्ट आहे. या कामामागच्या आरोग्यसेविकांचे कौतुक शोधनिबंधांत नसते, म्हणून इथे करतो.

या १,६८४ जणांच्या नोंदींचे गणिती विश्लेषण २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांखालच्या मुलांत भेटीगणिक ५६.९ ते ८०.५ टक्के मुलांच्या नाकात न्यूमोकोकस होता, प्रौढांत ११.५ ते २३.५ टक्के. एचआयव्ही असलेल्या प्रौढांत एका मुक्कामाची सरासरी लांबी ११.४ दिवस निघाली, नसलेल्यांत ६ दिवस. जंतूंची दाटीही एचआयव्ही असलेल्यांत जास्त होती. म्हणजे त्यांच्या नाकात न्यूमोकोकस येतो तितक्याच वेळा, पण राहतो जवळपास दुप्पट. याच विश्लेषणाने आणखी एक अंदाज दिला. न्यूमोकोकस नाही असा निकाल आलेल्या स्वॅबपैकी सुमारे १४ टक्क्यांत तो प्रत्यक्षात होता, फक्त सापडला नव्हता. पीसीआर वापरूनही इतके निसटत असेल, तर जुन्या अगारवरच्या आकड्यांचे काय, हे वाचकाने ठरवावे.

त्याच अभ्यासातले तिसरे निरीक्षण मला धोरणासाठी सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरात एचआयव्हीसह जगणारा प्रौढ असला म्हणून त्या घरातल्या लहान मुलांना न्यूमोकोकस जास्त वेगाने लागत नाही. जंतूचा ओघ मुलांकडून मोठ्यांकडे आहे. वैद्यकीय लिखाणात एचआयव्हीसह जगणाऱ्यांना ‘जंतूंचे साठे’ म्हणण्याची सवय आहे. क्लर्क्सडॉर्पच्या पुराव्यापुढे ती सवय टिकत नाही, आणि कलंक आधीच वाट्याला आलेल्या माणसांबद्दल असे शब्द वापरताना पुरावा तरी भक्कम असावा. या प्रौढांना लस द्यायची असेल तर ती त्यांच्या स्वतःच्या जिवासाठी द्यावी. इतरांना त्यांच्यापासून वाचवण्याचे कारण पुढे करण्याची गरज नाही.

मुक्काम का लांबतो, याचे उत्तर बरेचसे मलावीतून आले. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलच्या आवारात मलावी, लिव्हरपूल आणि वेलकम यांचे संयुक्त संशोधन केंद्र आहे. तिथल्या कामातून दिसले की एचआयव्ही ज्यांना मारतो त्या सीडी-४ पेशींची रक्तातली संख्या बऱ्यापैकी असतानाही न्यूमोकोकसाला ओळखणाऱ्या टी पेशींचा प्रतिसाद बिघडलेला असतो, आणि नाकावरचा ताबा सुटण्याआधी हा बिघाड झालेला असतो. निरोगी प्रौढाच्या नाकात हाच प्रतिसाद जंतूला काही दिवसांत हुसकावतो. आवरणाविरुद्धच्या प्रतिपिंडांइतकेच हे काम टी पेशींचेही असते. कोंडवानी जांबो आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसातल्या भक्षक पेशी तपासल्या तेव्हा लहान आकाराच्या पेशींत एचआयव्ही जास्त सापडला आणि त्यांची जंतू गिळण्याची क्षमता घटलेली दिसली. शिवाय स्मृती ठेवणाऱ्या बी पेशी एआरटीनंतरही सावकाशच सावरतात.

एआरटी सेंटरच्या भाषेत सीडी-४ वाढले, व्हायरल लोड म्हणजे रक्तातला विषाणू दबला, की रुग्ण ‘स्टेबल’ होतो. रक्तापुरते ते खरे आहे. नाकाचे अस्तर मात्र त्या वेळापत्रकाने चालत नाही. मलावीच्या उत्तरेतील करोंगा जिल्ह्यात एआरटी सुरू केलेल्या प्रौढांचा पाठपुरावा केला, तेव्हा उपचार चालू असतानाही न्यूमोकोकसाचे प्रमाण चढेच राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या विश्लेषणात एआरटीने मुक्काम आखूड होतो असे दिसले खरे. ही दोन निरीक्षणे एकमेकांना खोडत नाहीत. गोळ्यांनी फरक पडतो, पण पुरता पडत नाही. सीडी-४च्या आकड्यावरून कुणाच्या नाकात न्यूमोकोकस असेल हे सांगण्याचे प्रयत्नही फसले आहेत, कारण अभ्यासागणिक निष्कर्ष बदलतात. घरात लहान मूल आहे का, खोल्या किती आणि माणसे किती, चुलीचा धूर किती, या साध्या प्रश्नांनी बहुधा जास्त कळते. एआरटीने तब्येत सुधारली की माणसे पुन्हा कामावर जातात, मुलांमध्ये वावरतात, नवी बाळंतपणे होतात. न्यूमोकोकसाशी गाठ पडण्याच्या संधीही त्याबरोबर वाढतात.

कोट्रिमॉक्साझोल या प्रतिजैविकाचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. आपल्याकडे सेप्ट्रान या नावाने ती गोळी एआरटी सेंटरमध्ये सर्वांच्या ओळखीची आहे. १९९९मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान इथल्या चाचण्यांनी तिची उपयुक्तता दाखवली आणि आफ्रिकेत लाखो जणांना ती रोज दिली जाऊ लागली. जीव वाचले, यात शंका नाही. पण रोज प्रतिजैविक घेणाऱ्यांच्या नाकात जे न्यूमोकोकस उरतात ते त्या औषधाला दाद न देणारे असतात, आणि ठिकठिकाणच्या पाहण्यांत हेच आढळले. प्रतिकाराचा हा इतिहास त्या भागाला नवा नाही. १९७७मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन इथून पेनिसिलिनला आणि त्यानंतर लगेच जोहान्सबर्गमधून एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणाऱ्या न्यूमोकोकसाच्या नोंदी आल्या होत्या, एचआयव्हीची साथ ओळखू येण्याआधीच.

आता बाळांच्या लशीकडे येऊ. अमेरिकेत २०००मध्ये सात सिरोटाइपांची कॉन्जुगेट लस, म्हणजे आवरणाची साखर प्रथिनाला जोडून बनवलेली लस, बाळांना देणे सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांतच तिथल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांत लशीतल्या प्रकारांनी होणारा गंभीर आजार ६२ टक्क्यांनी घटला. लस त्यांना दिलेली नव्हती, ती बाळांना दिली होती. बाळांच्या नाकातून ते प्रकार गेले, म्हणून मोठ्यांपर्यंत पोहोचले नाहीत. त्याच वेळी लशीत नसलेल्या प्रकारांचा आजार ४४ टक्क्यांनी वाढला. जागा रिकामी झाली की दुसरा प्रकार येऊन बसतो. बाकी समाजात ही भरपाई कमी जाणवली, या गटात ठळक.

दक्षिण आफ्रिकेने २००९मध्ये हीच लस आणली आणि २०११मध्ये तेरा प्रकारांची. अ‍ॅन फॉन गॉटबर्ग यांच्या गटाने २०१४मध्ये दाखवले की २५ ते ४४ वयोगटात सात प्रकारांमुळे होणारा गंभीर आजार ५७ टक्क्यांनी उतरला. मात्र याच वर्षांत त्या देशात एआरटीही वेगाने पसरली, त्यामुळे श्रेय लशीचे किती आणि गोळ्यांचे किती, हे वेगळे करणे कठीण आहे. तिथल्या वेळापत्रकात नऊ महिन्यांचा बूस्टर आहे, हेही ध्यानात ठेवावे.

मलावीने नोव्हेंबर २०११मध्ये तेरा प्रकारांची लस आणली, पण सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तीन डोस देऊन, बूस्टरशिवाय. लसीकरण उत्तम झाले. मग २०१५ ते २०१८ या काळात ब्लँटायरमध्ये पुन्हापुन्हा स्वॅब घेतले, तेव्हा चित्र निराशाजनक निघाले. तीन ते पाच वर्षांच्या लस घेतलेल्या मुलांत लशीतल्या प्रकारांचे प्रमाण १९.९ वरून १६.७ टक्क्यांवरच आले. एआरटी घेणाऱ्या १८ ते ४० वयाच्या प्रौढांत ते १५.२ वरून ८.९ टक्क्यांवर आले. घट झाली, हे खरे. पण लस येऊन सात वर्षे होत आली तरी अकरांतल्या एका प्रौढाच्या नाकात असा न्यूमोकोकस असावा, ज्याला त्या लशीने एव्हाना हद्दपार करायला हवे होते! श्रीमंत देशांत तेवढ्या काळात हे प्रकार जवळजवळ दिसेनासे झाले होते. दाट वस्ती, मोठी कुटुंबे, जन्मानंतर काही आठवड्यांतच नाकात येणारा जंतू आणि वर्षभराच्या आत ओसरणारी प्रतिकारशक्ती, या सगळ्यांचा हा एकत्रित परिणाम आहे. ब्लँटायरच्या गटाने वेळापत्रक बदलण्याचा आणि मोठ्या मुलांनाही एकदाच लस देण्याचा विचार मांडला. तो रास्त आहे. पण तो यशस्वी होईपर्यंत प्रौढांनी थांबायचे का, हा प्रश्न उरतोच.

मग थेट प्रौढांनाच लस का नको? इथे इतिहास सावध करतो. न्यूमोकोकसाच्या लशी मुळात आफ्रिकेतल्या प्रौढांवरच पारखल्या गेल्या. १९११मध्ये आल्मरोथ राइट यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतल्या मजुरांवर मारलेल्या जंतूंची लस वापरून पाहिली आणि १९७०च्या दशकात रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी साखरेच्या आवरणाची लस तिथल्याच खाणकामगारांवर सिद्ध केली. खाणींना मजूर जिवंत हवे होते, त्यामुळे पैसा उपलब्ध होता. या लशीची पुढची आवृत्ती, २३ प्रकारांची, युगांडातल्या एंटेबे इथे १,३९२ एचआयव्हीग्रस्त प्रौढांवर तपासली गेली. २०००मध्ये नील फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला. लशीचा काहीही उपयोग दिसला नाही, उलट लस घेतलेल्यांत न्यूमोनिया जास्त झाला. काही वर्षांनी त्याच लोकांचा पुढचा पाठपुरावा आला, त्यात न्यूमोनिया जास्त असूनही मृत्यू मात्र कमी दिसले. या विसंगतीचे पटेल असे उत्तर आजवर कुणी दिलेले नाही. एआरटी नव्हती तेव्हाची ही चाचणी आहे, हे मान्य. तरी आफ्रिकेत तिने या लशीवरचा विश्वास कायमचा उडवला. नाकातले वास्तव्य रोखण्याची ताकद या प्रकारच्या लशीत मुळात नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

दहा वर्षांनी फ्रेंच यांनीच मलावीत कॉन्जुगेट लस तपासली. न्यूमोकोकसाच्या गंभीर आजारातून वाचलेल्या ४९६ जणांना, ज्यांतले बहुसंख्य एचआयव्हीसह जगणारे होते, सात प्रकारांच्या लशीचे किंवा फसव्या औषधाचे चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस दिले. लशीतल्या प्रकारांचा आणि सिरोटाइप ६ए चा आजार पुन्हा होण्याचे प्रमाण ७४ टक्क्यांनी घटले. वृत्तपत्रांत एवढाच आकडा गाजला. पहिल्या वर्षात संरक्षण ८५ टक्के होते, त्यानंतर ते २५ वर घसरले, आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, हे फार थोड्या ठिकाणी छापून आले. तरीही हा पुरावा निर्णायक आहे असे मी मानतो. एआरटी मिळत नव्हती किंवा नुकतीच सुरू झाली होती, अशा माणसांतही लस चालली. आज व्हायरल लोड दबलेल्या माणसांत ती निदान तितकी तरी चालावी. हे संरक्षण नाकापर्यंत पोहोचते का, याचा पुरावा मात्र तोकडा आहे. निरोगी प्रौढांना मुद्दाम सिरोटाइप ६बी नाकात सोडून तपासण्याचे प्रयोग लिव्हरपूलमध्ये झाले. तिथे तेरा प्रकारांच्या लशीने मुक्काम करणाऱ्यांचे प्रमाण ४८ वरून १० टक्क्यांवर आणले. नंतर ब्लँटायरमध्येही हा प्रयोग झाला, तोही एचआयव्ही नसलेल्या निरोगी तरुणांवर.

अमेरिका आणि युरोपमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांना कॉन्जुगेट लस घेण्याची शिफारस केव्हाच झाली आहे. ज्या देशांत हे रुग्ण सर्वाधिक आहेत तिथल्या सरकारी दवाखान्यांत ती बहुतेक ठिकाणी मिळत नाही. भारताचेही तेच. आपल्याकडे एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या पंचवीस लाखांच्या आसपास आहे आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. १ एप्रिल २००४पासून एआरटी मोफत आहे. बाळांसाठी न्यूमोकोकसची लस २०१७मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार, उत्तर प्रदेशातल्या काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०२१मध्ये देशभर पोहोचली, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वेळापत्रकाने. मलावीच्या सुरुवातीच्या वेळापत्रकात नसलेला बूस्टर आपण घेतला, हे शहाणपणाचे झाले. पश्चिम बंगालमध्ये एचआयव्हीग्रस्त मुले आणि त्यांचे पालक यांच्या नाकातल्या न्यूमोकोकसाचा घरगुती पातळीवर अभ्यास झाला आहे, पण तो लस येण्याआधीच्या मुलांचा. लस आल्यानंतर प्रौढांच्या नाकात काय बदलले, हे पाहण्यासाठी क्लर्क्सडॉर्पसारखे काम मुंबई, सांगली किंवा सोलापूरकडच्या एआरटी सेंटरांच्या आधाराने करता येईल. आपल्या डॉक्टरांसमोर खोकला घेऊन एचआयव्हीचा रुग्ण आला की आधी क्षयाचा विचार होतो, आणि तो बरोबरच आहे. पण थुंकीत क्षय सापडला नाही तर रक्ताचे कल्चर होतेच असे नाही, आणि न्यूमोकोकस मोजला न गेल्याने तो नाहीच असे वाटू लागते.

लस निवडायची वेळ आली तर एक सापळा आहे. २०२४मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी एकवीस प्रकारांची नवी लस मंजूर झाली. तिथल्या प्रौढांत आज जे प्रकार आजार करतात, त्यांवर ती बेतली आहे, म्हणून बाळांच्या लशीने तिथून घालवलेले प्रकार तिच्यातून वगळले आहेत. १, ५, ६बी, ९व्ही, १४, १९एफ आणि २३एफ तिच्यात नाहीत. लशीतले प्रकार अजून रेंगाळणाऱ्या ब्लँटायरसारख्या शहरात एवढी महागडी आणि एवढी आधुनिक लस चुकीची ठरेल. वगळलेले हे सातही प्रकार पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या दहा प्रकारांच्या न्यूमोसिलमध्ये आहेत. डिसेंबर २०१९मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि गरीब देशांना लशी पुरवणाऱ्या ‘गावी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या देशांसाठी तिची सुरुवातीची किंमत एका डोसला २ डॉलर ठेवली गेली. ती बाळांसाठी बनली आहे. एआरटी घेणाऱ्या प्रौढांवर तिची चाचणी घेणे, आणि त्या चाचणीत आजाराबरोबर नाकातला मुक्कामही मोजणे, हे आता पुढचे काम आहे.